‘पोर्ट’चे अर्थ किती नी आले कुठून? एक इंग्रजी शब्द मुळापासून शोधायची पद्धत

पोर्ट म्हणजे बंदर, एवढं आपल्याकडचं पाचवीतलं पोरही सांगेल. पण रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही दिवसभर जरा कान उघडे ठेवा. कोणी सांगतो मोबाइलचा चार्जिंग पोर्ट गेला, कोणी सांगतो रेंज येत नव्हती म्हणून नंबर पोर्ट करून घेतला, एखाद्या घरात आजोबा पोर्ट ट्रस्टात होते, नातू जयगडला पोर्टवर कामाला आहे, ट्रॉलरवरचा खलाशी ओरडतो की पोर्टची लाइट पेटत नाहीये, बारावीच्या बायोलॉजीत पोर्टल व्हेन येते, नी सिंधुदुर्गातून गोव्याच्या बाजूला उतरलात की पोर्ट वाइनची पाटी दिसते. शब्द एकच, नी बंदर यातल्या फक्त दोन ठिकाणी आहे.

पोरं काय करतात, तर डिक्शनरीतले सगळे अर्थ एकाखाली एक वहीत उतरवतात नी पाठ करतात. मग दोन आठवड्यांनी निम्मे विसरतात, नी त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण ज्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही त्या डोक्यात राहातच नाहीत. माझं म्हणणं असं की अर्थ मोजायचे नाहीत, मुळं मोजायची. अर्थ पंधरा असले तरी मुळं बहुतेक वेळा दोन-तीनच निघतात, नी एकदा मूळ सापडलं की कुठला अर्थ कुठे लागतो ते आपोआप कळायला लागतं. ही पद्धत मी खाली ‘पोर्ट’वरच करून दाखवतो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही शब्दावर ती वापरता येईल. स्पर्धा परीक्षेवाल्यांना तर उपयोग आहेच, पण शाळेतल्या पोरांना शिकवणाऱ्या आयाबापांनाही आहे.

सुरुवात डिक्शनरीपासून करू नका. आधी आठवडाभर तो शब्द जिथे जिथे ऐकू येईल, दिसेल, तिथलं अख्खं वाक्य मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. नुसता शब्द लिहून काही उपयोग नाही, वाक्यच पाहिजे, कारण अर्थ वाक्यात असतो. पेपरातली बातमी, वायफायच्या राउटरच्या मागची अक्षरं, हॉस्पिटलातल्या नर्सने म्हटलेलं ‘केमो पोर्ट’, जे सापडेल ते. मराठी वाक्यात आलेला इंग्रजी शब्द पण चालतो, उलट तोच चांगला, कारण लोकांनी तो अर्थ खराखुरा वापरात घेतलाय याचा तो पुरावा असतो.

दहा-बारा वाक्यं जमली की मग डिक्शनरी उघडा. मेरियम-वेबस्टर, ऑक्सफर्ड, विक्शनरी, यातलं काहीही चालेल, नी मुळासाठी एटिमऑनलाइन नावाची साइट आहे ती फुकट आहे नी मोबाइलवर नीट चालते. आता इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी शाळेत कोणी दाखवत नाही. डिक्शनरीत ‘पोर्ट’ शोधलंत की तो शब्द एकदाच येत नाही, तो पुन्हा पुन्हा येतो नी प्रत्येकाला १, २, ३ असा बारीक आकडा चिकटवलेला असतो. हा आकडा म्हणजे अर्थाचा नंबर नव्हे. हा आकडा म्हणजे डिक्शनरीवाला तुम्हाला सांगतोय की बाबा, हे दिसायला सारखे आहेत पण शब्द वेगळे आहेत, कुठे मूळ वेगळं, कुठे नाम नी क्रियापद म्हणून वेगळं. एका नंबराच्या पोटात जे १, २, ३ किंवा अ, ब, क येतात ते अर्थ. म्हणजे आधी बाहेरचे आकडे बघायचे, मग आतले. एवढं एक जरी कळलं तरी डिक्शनरीचं अर्धं पान मोकळं होतं.

मग नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला मुळाची ओळ असते, छापील डिक्शनरीत चौकटी कंसात. तिथे लांबलचक वाक्य नसतं, नुसती आद्याक्षरं असतात. एल म्हणजे लॅटिन, ओई म्हणजे जुनी इंग्रजी, ओएफ म्हणजे जुनी फ्रेंच. ही ओळ उजवीकडे जाताना जुनी जुनी होत जाते, म्हणजे सगळ्यात शेवटी जे लिहिलंय ते सगळ्यात मागचं. ती वाचायचा कंटाळा करू नका, सगळा खजिना तिथेच आहे.

‘पोर्ट’ची ही ओळ वाचत गेलात की लॅटिनमधले तीन शब्द सापडतात. पोर्तुस म्हणजे बंदर. पोर्ता म्हणजे दार, वेस. नी पोर्तारे म्हणजे वाहून नेणे. झालं, तुमची सगळी वाक्यं या तीन टोपल्यांत पडणार आहेत. म्हणून आता प्रत्येक वाक्य घ्या नी पोर्टच्या जागी आळीपाळीने तीन मराठी शब्द ठेवून बघा: बंदर, दार, नेणे. जो बसतो ते त्याचं मूळ, निदान दहातल्या आठ वेळा तरी. चार्जिंगचं बंदर? नाही. चार्जिंगचं दार? हो, वीज तिथून आत शिरते. नंबराचं दार केलं? नाही. नंबर इकडून तिकडे नेला? बरोबर. १९०० वर जो पोर्ट लिहून एसएमएस पाठवता तो हाच, नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे वाहून न्यायचा. देशभर ही सोय जानेवारी २०११ पासून आली नी तेव्हापासून हे क्रियापद गावागावात पोचलं, ज्यांनी इंग्रजी कधी शिकली नाही ती माणसंही ते अचूक वापरतात.

आता टोपल्या एकेक करून बघू, पण सारख्या वेळात नाही, कारण काही टोपल्यांत माल जास्त आहे.

नेणे ही सगळ्यात मोठी टोपली, पण सगळ्यात सोपी. इथे पोर्टला पुढे मागे काहीतरी जोडलेलं असतं, नी ते जोडलेलं ओळखलं की काम झालं. इम्पोर्ट म्हणजे आत नेणे, एक्सपोर्ट म्हणजे बाहेर नेणे, ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे नेणे, डीपोर्ट म्हणजे देशाबाहेर घालवणे. आपला हापूस एक्सपोर्ट होतो तेव्हा तो बंदरातून जातो की विमानातून याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही, पोरांना वाटतं एक्सपोर्टमधलं पोर्ट म्हणजे बंदर, तसं नाही, तो ‘बाहेर वाहून नेला’ एवढंच. सपोर्ट म्हणजे मुळात खालून उचलून धरणे. रिपोर्ट म्हणजे बातमी परत घेऊन येणे, म्हणून रिपोर्टर. पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येईल असं. पोर्टफोलिओ इटालियनमधून आला, कागद वाहून न्यायची पिशवी, पुढे त्याच पिशवीवरून मंत्र्याचं खातं नी शेअरवाल्यांचा पोर्टफोलिओ. इम्पॉर्टंट हा शब्दसुद्धा याच टोपलीतला, जे आपल्याबरोबर काहीतरी आत घेऊन येतं, ज्याचे परिणाम होतात, ते महत्त्वाचं. आणि स्पोर्ट! जुन्या फ्रेंचमध्ये देस्पोर्तेर होतं, म्हणजे मन कामापासून दूर नेणे, करमणूक करणे, त्याचा पुढचा ‘दे’ गळला नी स्पोर्ट उरला. गावात क्रिकेटच्या टुर्नामेंटला जी गर्दी होते ती बघा, मन दूर नेणं म्हणजे काय ते कळेल.

सॉफ्टवेअरवाले पोरं म्हणतात ना, ॲप आयफोनवर पोर्ट केलं, तेही हेच.

दाराच्या टोपलीत आधी पोर्टल. सरकारी फॉर्म भरताना ‘पोर्टल चालत नाहीये’ म्हणतो तेव्हा आपण दार उघडत नाही असंच म्हणत असतो. लिव्हरमध्ये रक्त घेऊन जाणारी हेपॅटिक पोर्टल व्हेन, तीसुद्धा दारावरूनच, लिव्हरच्या ज्या खाचेतून ती आत शिरते तिला लॅटिनमध्ये पोर्ता हेपाटिस म्हणतात, लिव्हरचं दार. पोर्च पण इकडचाच. आता पोर्टहोल घ्या, जहाजाच्या कडेची ती गोल खिडकी. सगळ्यांना वाटतं जहाज म्हणजे बंदर, म्हणून पोर्टहोल. पण नाही. जहाजाच्या कुशीला तोफेसाठी जी चौकोनी दारं ठेवायचे, वरून झाकण लावलेली, त्यांना पोर्ट किंवा गनपोर्ट म्हणायचे, नी त्यावरून पोर्टहोल आलं. आपल्याकडे किल्ल्यांच्या तटात तोफेसाठी ठेवलेल्या खिडक्या बघितल्या असतील, तेच काम जहाजावर. पुढे इंजिनात वाफ नी हवा आत-बाहेर जायची भोकं तीही पोर्ट, मग वायरी लावायच्या जागा त्याही पोर्ट, १९९६ मध्ये यूएसबी आलं नी पोर्ट घराघरात शिरला. इंटरनेटवरचे पोर्ट तर दिसत पण नाहीत, नुसते नंबर असतात, साधी वेबसाइट ८० नंबरच्या दारातून येते नी सुरक्षित वेबसाइट ४४३ नंबरच्या. तोफेच्या दारापासून ४४३ पर्यंत अर्थ बदलला असं वाटतं, पण नीट बघितलं तर अर्थ तोच आहे, आत-बाहेर करायची जागा. केमोथेरपीच्या पेशंटला छातीच्या कातडीखाली जो पोर्ट बसवतात तोही तसाच, औषध आत जायचं दार.

आता बंदर. इथे आपण किनाऱ्यावरचे लोक जरा पुढे आहोत, कारण इथले अर्थ कळायला समुद्र माहीत असावा लागतो.

साधे अर्थ पटकन सांगतो. एअरपोर्ट म्हणजे विमानांचं बंदर, चिपीला २०२१ मध्ये सुरू झाला तो. पासपोर्ट फ्रेंचमधून, बंदरातून जाऊ द्यावं असा परवाना. पोर्ट ट्रस्ट म्हणजे कोकणातल्या किती घरांची चूल ज्याच्यावर पेटली ती मुंबईची संस्था, १८७३ ची, आता तिला पोर्ट अथॉरिटी म्हणतात पण गावात अजून ‘पोर्ट ट्रस्ट’च.

पोर्ट वाइनची गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या तोंडाशी एक शहर आहे, पोर्तो. पोर्तुगीजमध्ये ‘ओ पोर्तो’ म्हणजे ‘ते बंदर’. दोरूच्या खोऱ्यातली वाइन तिथून बोटीत चढायची नी इंग्लंडला जायची, म्हणून ती पोर्ट. इंग्लंड नी फ्रान्सचं सतत वाजलेलं असायचं, फ्रेंच वाइन महाग पडायची, त्यात १७०३ मध्ये मेथ्युएन करार झाला नी पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडात जकात कमी झाली, त्याने खप वाढला. आणि गंमत बघा, पोर्तुगाल हे देशाचं नावसुद्धा याच शब्दातून आलंय, पोर्तुस काले नावाच्या जुन्या बंदरावरून. म्हणजे ज्यांनी चौलला नी वसईला ठाणी केली, ज्यांच्या भाषेची लेक रेवदंड्याजवळ कोर्लईत अजून बोलली जाते, ज्यांच्याकडून आपण चावी, पगार, पाव, बटाटा, काजू, पाद्री हे शब्द घेतले, त्यांच्या नावातच बंदर आहे. आजही पोर्तुगीजमध्ये पोर्तो म्हणजे बंदर नी पोर्ता म्हणजे दार, लॅटिनची ती जोडी त्यांच्याकडे जवळजवळ तशीच राहिलीय.

नी आता बोटीची डावी बाजू, जिथे बहुतेक लोक अडकतात. बोटीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडची बाजू पोर्ट, उजवीकडची स्टारबर्ड. बंदर नी डावा हात यांचा काय संबंध? तर उत्तर युरोपातल्या जुन्या बोटींना सुकाणू मागे मधोमध नसायचं, मोठं वल्हं असायचं नी ते उजव्या कुशीला बांधलेलं असायचं. जुन्या इंग्रजीत त्या बाजूला स्टेओरबोर्ड म्हणायचे, सुकाणूची बाजू, त्याचं स्टारबर्ड झालं, ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही. आता उजवीकडे सुकाणू असेल तर धक्क्याला बोट कुठल्या कुशीने लावणार? डाव्याच, नाहीतर वल्हं धक्क्यावर आपटून मोडेल. म्हणून बंदराकडची बाजू ती डावी. डाव्या बाजूला आधी लार्बर्ड असा शब्द होता, पण वाऱ्यात ओरडून सांगताना लार्बर्ड नी स्टारबर्ड कानाला सारखेच लागायचे, नी समुद्रावर डावं-उजवं चुकलं तर काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूमच काढला की लार्बर्ड बंद, पोर्टच म्हणायचं. अमेरिकेच्या नौदलाने दोन वर्षांनी तेच केलं.

मग कोणी विचारतं की सरळ डावी-उजवी का नाही म्हणत. याचं उत्तर मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या धक्क्यावर संध्याकाळी उभं राहून मिळतं. बोटीच्या पोर्टला लाल दिवा असतो, स्टारबर्डला हिरवा. बोट तुमच्याकडे सरळ येत असेल तर तिचा लाल दिवा तुम्हाला तुमच्या उजव्या हाताला दिसतो. म्हणजे तुमची उजवी ती बोटीची डावी. डावं-उजवं बघणाऱ्याप्रमाणे बदलतं, पोर्ट बदलत नाही, पोर्ट बोटीला चिकटलेला आहे. डोलकाठीला पाठ लावून उभे राहा, पालथे पडा, पोर्ट तोच. नी याच्यावर रस्त्याचा नियम बसवलाय: इंजिनवाली बोट तुमच्या उजव्या हाताने आडवी येत असेल तर तिचा तुम्हाला दिसतो तो लालच, म्हणजे वाट तुम्ही द्यायची. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पोर्ट वाइन लाल नी पोर्टचा दिवा लाल. आणि इंग्रजीत लेफ्ट नी पोर्ट दोन्ही चार अक्षरी.

इथेच अजून एक गुंता, जो जुनी वर्णनं वाचताना लागतो. सुकाणूचा दांडा हातात धरणाऱ्या तांडेलाला माहीत असतं की दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. जुन्या काळी इंग्रजी हुकूम दांड्याचे असायचे, बोटीचे नाही. म्हणून १९१२ मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर हुकूम गेला हार्ड अ-स्टारबर्ड, नी जहाज वळलं पोर्टकडे, म्हणजे डावीकडे. वाचणाऱ्याला वाटतं हुकूम चुकीचा पाळला गेला. नाही, तो बरोबरच पाळला होता. ही पद्धत १९३० च्या दशकात बदलली. म्हणून अर्थाबरोबर वर्ष बघायची सवय लावा, एटिमऑनलाइनवर प्रत्येक अर्थाचं साधारण साल दिलेलं असतं, एकाच शब्दाचा अर्थ १९१२ ला एक नी आज दुसरा असू शकतो.

बंदराच्या टोपलीतला मला सगळ्यात आवडणारा शब्द मात्र वेगळाच आहे, नी त्यात पोर्ट आहे हे पटकन दिसत पण नाही: ऑपॉर्च्युनिटी. लॅटिनमध्ये ‘ओब पोर्तुम’ म्हणजे बंदराच्या दिशेने. ज्या वाऱ्याने शिडाची बोट बंदराकडे येते तो वारा ओपोर्तुनुस, सोयीचा, वेळेवर आलेला. त्यावरून संधी. आपल्याकडे पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. इंजिनं नव्हती तेव्हा मचवे नी पडाव मतलईवर बाहेर जायचे नी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. तो दुपारचा खारा वारा म्हणजे शब्दशः ऑपॉर्च्युनिटी. रोमन खलाशाला नी आपल्या खलाशाला एकच गोष्ट कळत होती, नी हे एकदा कळलं की त्या शब्दाचं लांबलचक स्पेलिंगसुद्धा चुकत नाही, कारण मधला पोर्ट दिसायला लागतो.

म्हणींकडे पण बघा, डिक्शनरीच्या नोंदीत तळाशी असतात नी तिथपर्यंत कोणी जात नाही. ‘एनी पोर्ट इन अ स्टॉर्म’, म्हणजे वादळात जे बंदर मिळेल ते आपलं. हे समजावून सांगायची गरज आपल्याकडे नाही, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की गुजरातच्या बोटी देवगडला येऊन उभ्या राहातात ते आपण दर थोड्या दिवसांनी बातम्यांत वाचतो. ‘फर्स्ट पोर्ट ऑफ कॉल’ म्हणजे सगळ्यात आधी जिथे जायचं ती जागा, कुठलंही काम असो. म्हणी शिकताना त्या वहीत उतरवून ठेवू नका, आपल्या इथल्या प्रसंगाला लावून वाक्य करा, तरच तोंडात बसतात.

आता सावधगिरीचा भाग, नी याला मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. पोर्ट दिसला म्हणजे पोर्टच असं नाही. पोर्ट्रेटमध्ये पोर्ट नाही, तो लॅटिन प्रोत्राहेरे, पुढे ओढून आणणे, याच्यातून आला, माणसाचा चेहरा कागदावर ओढून काढणे. पोर्शन नी प्रपोर्शन यांचा पोर्तिओ म्हणजे वाटा, हिस्सा. नी पोर्टर तर एका पोशाखात दोन माणसं: स्टेशनवर सामान उचलणारा पोर्टर नेणे या टोपलीतला, नी जुन्या इंग्रजी गोष्टींत वाड्याच्या दारावर बसणारा पोर्टर दाराच्या टोपलीतला. म्हणून डिक्शनरीत त्यालाही १ नी २ असे आकडे आहेत. मूळ ओळखल्यावर एकदा तरी डिक्शनरीत पडताळा, नुसत्या तोंडवळ्यावर विश्वास ठेवू नका.

यापेक्षा धोकादायक म्हणजे गोड गोष्टी. पॉश या शब्दाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब जाताना पोर्टची नी परतताना स्टारबर्डची केबिन घ्यायचे, म्हणजे उन्हाचा त्रास कमी, म्हणून पोर्ट आउट स्टारबर्ड होम, त्याची आद्याक्षरं पॉश. ऐकायला झकास आहे, मुंबई आहे, समुद्र आहे, साहेब आहे. पण तसं छापलेलं एकही तिकीट कधी कोणाला सापडलेलं नाही. आद्याक्षरांवरून शब्द झाला असं कोणी सांगितलं नी तो शब्द जुना असेल तर आधी शंका घ्या, आद्याक्षरांचे शब्द करायची पद्धत विसाव्या शतकातच जोरात आली.

आपल्या भाषेतही हे होतं. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट घ्या. खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर फेऱ्या मारते म्हणून फेरीबोट, असंच सगळ्यांना वाटतं नी वाटणारच. पण इंग्रजी फेरी हा जुना स्वतंत्र शब्द आहे, अर्थ पलीकडे नेणे, नी मराठी फेरी फिरण्यावरून. आवाज जुळला, अर्थ जवळचा निघाला, म्हणून ते एकमेकांत मिसळले. दोन भाषांत सारखा आवाज नी सारखा अर्थ दिसला तरी मुळाची ओळ वाचल्याशिवाय नातं जोडायचं नाही.

नातं असतं तेव्हा मात्र ते भलत्याच ठिकाणी निघतं. पोर्तुस, पोर्ता नी पोर्तारे ही तीन मुळं मी वेगळी सांगितली, अभ्यासाला तेवढं पुरे, पण अजून मागे गेलात तर तिन्ही एकाच घराण्यातली आहेत. भाषाशास्त्रज्ञ जिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात त्या भाषेत पेर असं मूळ धरतात, अर्थ पार जाणे, पलीकडे नेणे. त्यातूनच इंग्रजी फोर्ड म्हणजे नदीचा उतार, तिथूनच ती फेरी, तिथूनच तिकिटाचं फेअर, नॉर्वेचे फ्योर्ड, नी आपल्या संस्कृत-मराठीतला पार. खाडी पार केली म्हणतो त्यातला पार. म्हणजे फेरीबोटीतली इंग्रजी फेरी मराठी फेरीची कोणी नाही, पण मराठी ‘पार’ची लांबची बहीण आहे. बंदर मात्र या घराण्यातलं नाही, तो फारसीतून आलाय, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दाच्या पुढे पी हे अक्षर असतं ते पर्शियनचं, एस असेल तर संस्कृतचं, ए असेल तर अरबीचं. हा कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, नी शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो फुकट शोधता येतो. इंग्रजी शब्दाचं मूळ काढताना त्याच्या मराठी जोडीदाराचंही मूळ काढा, दुप्पट लक्षात राहातं.

शेवटचं काम म्हणजे सगळं एका पानावर आणणे. वर तीन मुळं, प्रत्येकाखाली तुम्ही जमवलेली वाक्यं, बाजूला साल, नी कोपऱ्यात ‘दिसतात पण नाहीत’ म्हणून पोर्ट्रेट, पोर्शन वगैरे. चौकटी आखायची गरज नाही, पान एकच ठेवा. मग ते पान बंद करून घरातल्या कोणाला तरी सांगा, बोटीवर जाणारा काका असेल तर उत्तम, कारण तो मध्येच थांबवून तुम्हाला दिव्यांबद्दल चार गोष्टी जास्त सांगेल. सांगताना जिथे अडखळाल तेवढंच परत वाचा.

पुढचा शब्द जेटी घेतलात तर सोपा जाईल, तो फ्रेंचमधल्या फेकणे या क्रियापदातून आलाय, समुद्रात पुढे टाकलेला धक्का, नी त्याच मुळाचे प्रोजेक्ट, रिजेक्ट, इंजेक्शन तुम्ही रोज वापरता. जरा कठीण पाहिजे असेल तर बँक घ्या. पैशाची बँक, नदीचा काठ, ब्लड बँक, विमानाचं वळताना कलणं, नी विजयदुर्गच्या पश्चिमेला १०० किलोमीटरपेक्षा जास्त आत समुद्रात पाण्याखाली असलेलं प्रवाळाचं पठार, ज्याला आंग्र्यांच्या नावावरून अँग्रिया बँक म्हणतात. हे सगळे अर्थ जुन्या जर्मानिक भाषेतल्या एकाच मुळापाशी जातात, त्यात बाक आहे, उंचवटा आहे, नी इटलीतल्या सराफाचं टेबल आहे. डिक्शनरीत बँकच्या नोंदीवरचे बाहेरचे आकडे आधी मोजा, नी आठवडाभर वाक्यं जमवायला आजपासूनच लागा.